मॉनिटरवर १ मॅक दिसतं तेव्हा चेतापेशीत काय घडत असतं

भूल देण्याच्या यंत्राच्या पडद्यावर एक छोटा आकडा शस्त्रक्रिया संपेपर्यंत वर-खाली होत असतो: मॅक (मिनिमम अल्व्हिओलर कॉन्सन्ट्रेशन). ०.८, ०.९, १.०. तो १ च्या आसपास राहिला की पेशंट झोपलेला आहे, असं ओटीत नव्याने आलेल्या माणसाला सांगितलं जातं. हे शिकवणं अर्धवट आहे आणि त्याची किंमत पेशंट मोजतो. म्हणून हा लेख. तो बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्यांसाठी आहे, म्हापसा-मडगावच्या ओटीतल्या तंत्रज्ञांसाठी आहे, आणि ज्यांचं ऑपरेशन ठरलंय पण 'झोपेचा गॅस देतात' एवढ्या उत्तरावर समाधान होत नाही, त्यांच्यासाठीही.

मॅकची कल्पना १९६० च्या दशकात एडमंड एगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. फुप्फुसातल्या वायुकोशांत भुलीच्या वाफेचं किती प्रमाण असलं म्हणजे कातडीवर छेद दिल्यावर शंभरातले पन्नास रुग्ण हलत नाहीत, तो हा आकडा. चाळिशीच्या माणसात सेव्होफ्लुरेनचा साधारण १.८ टक्के, आयसोफ्लुरेनचा १.१५, डेस्फ्लुरेनचा ६ च्या आसपास, जुन्या हॅलोथेनचा ०.७५ आणि नायट्रस ऑक्साइडचा १०४. व्याख्या पुन्हा एकदा वाचा. त्यात 'हलत नाहीत' एवढंच आहे. शुद्ध, आठवण, वेदना यांतलं काहीही नाही. (हे टक्के समुद्रसपाटीचे आहेत, त्यामुळे पणजीत ते जसेच्या तसे लागू पडतात. इथे १ टक्का म्हणजे ७.६ मिमी पारा. उंचावरच्या गावात टक्के तेच ठेवले तरी दाब कमी भरतो, आणि चेतापेशीला टक्के कळत नाहीत, दाब कळतो.)

मग ही वाफ पेशीत जाऊन करते काय?

१८४६ साली बॉस्टनला ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, तेव्हा पणजीतली वैद्यकीय शाळा सुरू होऊन चार वर्षं झाली होती. तिथून पुढे शंभरहून जास्त वर्षं भूल जगभर दिली जात होती आणि ती का चढते याचं धड उत्तर कुणापाशी नव्हतं. सगळ्यात टिकलेलं उत्तर मेयर आणि ओव्हरटन यांचं. १८९९ ते १९०१ च्या दरम्यान दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं की जे द्रव्य ऑलिव्ह तेलात जास्त विरघळतं ते भूल म्हणून जास्त जोरकस. हा नियम घरबसल्या पडताळता येतो. तेल आणि वायू यांच्यातलं विरघळण्याचं गुणोत्तर हॅलोथेनचं २२४, आयसोफ्लुरेनचं ९८ आणि नायट्रसचं अवघं १.४. त्याला मॅकने गुणा: हॅलोथेनचं २२४ गुणिले ०.७५ टक्के, म्हणजे १.७. आयसोफ्लुरेनचं येतं १.१, नायट्रसचं १.५. जोर दीडशेपटीने वेगळा, पण गुणाकार एकाच घरात. इतका सरळ हिशोब बघून कुणालाही वाटेल की वाफ पेशीपटलातल्या चरबीत शिरते, चरबी सैल पडते आणि पेशी गप्प होते.

या मांडणीला तीन ठिकाणी तडे गेले. वाफेने पटल जितकं सैल होतं तितकं ते अंगाचं तापमान जेमतेम एखाद्या अंशाने वाढलं तरी होतं, आणि तापाने फणफणलेला माणूस काही भूल चढून पडत नाही. दुसरं, लांब साखळीची अल्कोहोलं. साखळी वाढेल तशी ती तेलात जास्त विरघळतात, पण साधारण बारा-तेरा कार्बनच्या पुढे भूल चढवणं अचानक थांबतं. जणू रेणू कुठल्यातरी खोबणीत मावेनासा होतो. तिसरं, तेलात छान विरघळणारी काही द्रव्यं अशी सापडली की हिशोबाने त्यांनी प्राणी निपचित पाडायला हवा होता, पण तो हालचाल करतच राहतो.

खोबणीचा ठोस पुरावा आला काजव्याकडून. पावसाच्या तोंडावर मोले-नेत्रावळीच्या रानात झाडं लुकलुकतात तो उजेड ल्युसिफेरेज नावाच्या प्रथिनामुळे पडतो. लंडनच्या निक फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी १९८४ साली काजव्याचं हे शुद्ध प्रथिन चरबीचा अंशही नसलेल्या द्रावणात घेतलं आणि त्यावर भुलीची द्रव्यं घातली. उजेड मंदावला, आणि तोही जवळपास त्याच मात्रेला जिला प्राण्याला भूल चढते. ईथरपासून लांब साखळीच्या अल्कोहोलांपर्यंत, जोरात लाखपटीचा फरक असलेल्या द्रव्यांना हे लागू पडलं. चरबी नाहीच, तरी तोच नियम. भुलीचा रेणू प्रथिनातल्या तेलकट खोबणीत बसतो आणि जिथे ल्युसिफेरिनने, म्हणजे ज्या द्रव्यापासून उजेड पडतो त्याने, बसायचं ती जागा अडवतो. आपल्याला भूल चढण्याशी काजव्याचा काही संबंध नाही, पण शोध कुठे घ्यायचा हे त्या किड्याने दाखवलं: प्रथिनांत, आणि चेतापेशीत सगळ्यात महत्त्वाची प्रथिनं म्हणजे आयन वाहिन्या, पेशीपटलातून विद्युतभारित कणांची ये-जा करू देणारी दारं.

चेतापेशी स्वस्थ असते तेव्हा आतून बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. ती ५५ च्या आसपास आली की सोडियमच्या वाहिन्या धडाधड उघडतात आणि संदेश पुढे जातो. भुलीची वाफ पेशीला या उंबरठ्यापर्यंत पोचू देत नाही. ती हे वेगवेगळ्या दारांवर थोडं थोडं करते, आणि कुठल्या दारावर किती करते यावर कुठला परिणाम आधी दिसणार हे ठरतं.

सगळ्यात अभ्यासलेलं दार गाबा-ए रिसेप्टरचं (रिसेप्टर म्हणजे संदेशवाहक झेलणारं प्रथिन). पाच तुकड्यांचं कडं, मेंदूत बहुतेक ठिकाणी दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा. मधून क्लोराइडची वाट. गाबा हा संदेशवाहक पटलाच्या बाहेरच्या बाजूला बीटा आणि अल्फा यांच्या सांध्यात बसतो आणि वाट उघडते, क्लोराइड आत येतं आणि पेशी उंबरठ्यापासून दूर राहते. वाफ बसते वेगळीकडे, पटलाच्या आतल्या भागात, तुकड्यांच्या मधल्या पोकळ्यांत. नेहमीच्या मात्रेत ती स्वतः दार उघडत नाही; गाबाने उघडलेलं दार लवकर मिटू देत नाही. एका संदेशाने येणारा क्लोराइडचा लोंढा १ मॅकला दुप्पट किंवा त्याहून जास्त वेळ वाहत राहतो. मात्रा बरीच वाढवली की ती गाबाशिवायही दार किलकिलं करते, आणि त्याच वेळी वाटेत अडथळाही आणते, म्हणून लोंढ्याची उंची घटते आणि लांबी वाढते. आलेख बघताना विद्यार्थी उंची मोजतात आणि 'परिणाम उलटा आला' म्हणतात. मोजायचं ते आलेखाखालचं क्षेत्रफळ.

१९९७ मध्ये या पोकळीचा नेमका पत्ता लागला: अल्फा-१ तुकड्यातलं २७० क्रमांकाचं सेरीन आणि २९१ क्रमांकाचं अलानीन. त्या जागी आकाराने मोठी अमिनो आम्लं बसवली, तेव्हा एनफ्लुरेनचा परिणाम गेला आणि त्याच्याबरोबर इथेनॉलचाही. म्हणजे काजूची फेणी आणि भुलीची वाफ एकाच पोकळीत पाट मांडतात. गोव्यात ही गोष्ट फार कामाची आहे. रोज दोन-तीन पेग घेणाऱ्या माणसाच्या मेंदूने वर्षानुवर्षांत हे रिसेप्टर आपल्या सोयीने बदलून घेतलेले असतात. तुकड्यांची मांडणी बदलते, दार कमी दाद देतं. अशा माणसाला शुद्धीत येऊ न देण्यासाठी वाफ जास्त लागते. आणि हुर्राकच्या मोसमात अपघात होऊन प्यालेल्या अवस्थेतच टेबलावर आलेल्या माणसाला कमी लागते, कारण पोकळी आधीच भरलेली. दोन्ही माणसं एकच असू शकतात, एकाच महिन्यात. म्हणून भूलतज्ज्ञ 'किती घेता?' विचारतात तेव्हा खरा आकडा सांगा, बायको-मुलं खोलीत असली तर त्यांना बाहेर पाठवून सांगा. त्या प्रश्नात नैतिकतेचा काही भाग नसतो. त्या उत्तरावर मात्रा ठरते, आणि ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांनी दारू तुटल्याने हात थरथरायला लागले, भास व्हायला लागले, तर वॉर्डातल्या लोकांना कारण आधीपासून माहीत असतं.

पण गाबावरच सगळं भागत असतं तर प्रश्न केव्हाच सुटला असता. बीटा-३ तुकड्यात एकच अमिनो आम्ल बदललेले उंदीर तयार केले, तेव्हा प्रोपोफॉल आणि इटोमिडेट ही शिरेतली औषधं त्यांना निपचित पाडू शकली नाहीत. वाफा मात्र बहुतांशी तशाच चालल्या. वाफेकडे आणखी दारं आहेत.

त्यातलं पोटॅशियमचं दार मला सगळ्यांत दुर्लक्षित वाटतं, आणि सगळ्यांत रोचकही. त्याचा माग तळ्यातल्या गोगलगाईत लागला. १९८८ मध्ये फ्रँक्स आणि लीब यांना तिच्या एका चेतापेशीत असा पोटॅशियमचा प्रवाह दिसला जो फक्त वाफ दिल्यावर सुरू होतो आणि पेशी गप्प होते. आयसोफ्लुरेनचे दोन आरशातले जुळे रेणू असतात, तेलात सारखेच विरघळणारे. त्यांतला एक हा प्रवाह दुसऱ्यापेक्षा बऱ्याच जोराने सुरू करतो. चरबीला डावं-उजवं कळत नाही, प्रथिनाला कळतं. १९९९ मध्ये सस्तन प्राण्यांतल्या अशाच वाहिन्या ओळखल्या गेल्या: ट्रेक-१ आणि टास्क. या कायम किंचित गळणाऱ्या वाहिन्या. त्या जास्त उघडल्या की पेशीचा व्होल्टेज काही मिलिव्होल्टने खाली सरकतो आणि आत आलेला संदेश गळतीतून वाया जातो. ट्रेक-१ नसलेल्या उंदरांना २००४ साली तपासलं, तर त्यांना वाफ जास्त लागली, पण पेंटोबार्बिटल हे झोपेचं औषध नेहमीइतकंच पुरलं. आणि गंमत अशी की २०२० मध्ये असं दिसलं की ट्रेक-१ उघडण्यामागे काही अंशी पटलातल्या चरबीच्या छोट्या बेटांची विस्कळ आहे: बेटं विस्कटतात, तिथं बांधून ठेवलेलं एक विकर सुटतं आणि ते वाहिनीला चालना देतं. मेयर-ओव्हरटन पूर्ण चुकले नव्हते.

टास्कचा मुद्दा ओटीच्या बाहेर, रिकव्हरी रूममध्ये येतो. गळ्यातल्या कॅरोटिड ग्रंथीच्या पेशी रक्तातला ऑक्सिजन घटला की ओरड करतात, आणि त्या ओरडीसाठी त्यांना आपली पोटॅशियमची गळती बंद करावी लागते. वाफ ती गळती चालूच ठेवते. हॅलोथेनचं ०.१ मॅक एवढं उरलं तरी ही ओरड लक्षणीयरीत्या दबते. सेव्हो-आयसोचा त्रास कमी, पण आहे. ०.१ मॅकला माणूस जागा असतो, नाव सांगतो, 'घरी कधी सोडणार' विचारतो. दिसायला सगळं ठीक आणि ऑक्सिजन घसरला तर श्वास वाढवण्याची यंत्रणा अर्धी झोपलेली. बोटावरची ऑक्सिमीटरची चिमटी 'पेशंट बोलतोय की' म्हणून काढायची नसते ती यासाठी.

बाकीच्या दारांवरून भरभर जातो. चेतासंधीच्या आधीच्या टोकाला सोडियमच्या वाहिन्या वाफेने थोड्या दबतात. जाड तंतूत त्याने फरक पडत नाही, पण टोकाच्या इवल्या गुठळीत संदेशाची उंची थोडी घटली तरी पुढच्या पेशीला चेतवणारं ग्लुटामेट सुटणं बरंच कमी होतं. मज्जारज्जूत ग्लायसिनचे रिसेप्टर गाबासारखेच जोर धरतात. एचसीएन-१ वाहिन्या दबतात, टी प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या दबतात. हृदयातल्या एल प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्याही दबतात, आणि हॅलोथेनने रक्तदाब कोसळायचा त्यामागे हे मोठं कारण. सेव्होफ्लुरेन हृदयातल्या पोटॅशियमच्या काही वाहिन्या अडवतं आणि ईसीजीवरचा क्यूटी, म्हणजे ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, लांबवतं. जन्मजात लांब क्यूटीचा पेशंट असेल तर हे आधी माहीत असावं.

नायट्रस आणि झेनॉन या घराण्यातले नाहीत. त्यांचा जोर ग्लुटामेट झेलणारा एनएमडीए रिसेप्टर दाबण्यावर, गाबावर जवळजवळ काही नाही. नायट्रसचा मॅक १०४ टक्के, म्हणजे नुसत्या नायट्रसवर नेहमीच्या हवेच्या दाबाला १ मॅक गाठणं शक्यच नाही. म्हणून ते सेव्होबरोबर देतात आणि पडद्यावर दोन्हीची बेरीज दिसते. न हलण्यापुरती ही बेरीज खरी आहे. शुद्ध हरपण्यासाठी मात्र सेव्होला मॅकच्या साधारण एक तृतीयांश पुरतं आणि नायट्रसला मॅकच्या जवळपास साठ टक्के लागतं. दोन पेशंट, दोघांचंही एकूण ०.८ मॅक, एकाचं सगळं सेव्होचं, दुसऱ्याचं निम्म्याहून जास्त नायट्रसचं. दोघं सारखे झोपलेले नाहीत. कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून झोपेची खोली मोजायचा बीआयएसचा आकडाही इथे फारसा मदतीला येत नाही, कारण नायट्रस आणि केटामीनचा परिणाम त्याला नीट कळत नाही.

आता सुरुवातीच्या मुद्द्यावर येतो. १९९३ मध्ये दोन गटांनी वेगवेगळ्या वाटेने एकच गोष्ट दाखवली. एका गटाने उंदरांचा पुढचा मेंदू काढून टाकून मॅक मोजला. तो बदललाच नाही. दुसऱ्याने बकऱ्यांत मेंदूचा रक्तपुरवठा वेगळा काढून वाफ फक्त मेंदूला दिली, एरवी १.२ टक्के आयसोफ्लुरेनला निपचित पडणाऱ्या बकऱ्यांना आता जवळजवळ २.९ टक्के लागले. छेदाला अंग हलतं की नाही हे मज्जारज्जू ठरवतो. पडद्यावरचा मॅक हा मज्जारज्जूचा आकडा आहे. शुद्ध आणि आठवण वरच्या मजल्यावर, वेगळ्या मात्रेला, वेगळ्या मिश्रणाने जातात. सुदैवाने सेव्हो, आयसो आणि डेस्फ्लुरेनच्या बाबतीत ती आधी जातात, म्हणून १ मॅकला पेशंट सहसा जागा नसतो. पण स्नायू शिथिल करणारं औषध दिलं की 'हलला' हा इशाराच नाहीसा होतो. मग ०.४-०.५ वर रेंगाळलेली वाफ, वर प्यायची सवय असलेला पेशंट, आणि हलणं बंद: जागेपणाची भीती नेमकी इथे. वयाप्रमाणे सुधारलेला मॅक ०.७ च्या खाली गेला की वाजेल असा अलार्म लावणं हा मोठ्या चाचण्यांत वापरलेला, साधा आणि फुकट उपाय आहे. लावा.

'वयाप्रमाणे सुधारलेला' हे शब्द मुद्दाम लिहिले. चाळिशीनंतर दर दशकाला मॅक सुमारे ६ टक्क्यांनी उतरतो. सेव्होचा १.८ हा ऐंशीव्या वर्षी १.४ वर येतो. खुबा मोडलेली पेडण्याची ऐंशी वर्षांची आजी टेबलावर आहे आणि यंत्रात वय टाकायचं राहिलं; बरीच यंत्रं मग ४० धरून चालतात. पडदा १.० दाखवतो, आजीला प्रत्यक्षात मिळतंय जवळजवळ १.३, आणि खोलीतले सगळे रक्तदाब का घसरतोय ते सलाईनमध्ये शोधत बसतात. गरोदरपणात मॅक पंचवीस ते चाळीस टक्क्यांनी उतरतो, अंग थंड पडलं तरी उतरतो. आणि बघायचा तो बाहेर येणाऱ्या श्वासातला आकडा. व्हेपोरायझरची (वाफ सोडणाऱ्या उपकरणाची) चकती ३ वर आहे याचा अर्थ मेंदूत ३ आहे असा होत नाही. आयसोफ्लुरेन रक्तात सेव्होपेक्षा दुपटीहून जास्त विरघळतं, त्यामुळे त्याच्यात ही तफावत जास्त वेळ टिकते.

जे प्रयोगशाळेत या वाहिन्यांवर काम करणार आहेत त्यांच्यासाठी थोडं. १ मॅक आयसोफ्लुरेन म्हणजे पाण्यात सुमारे ०.३ मिलिमोलर, आणि पेशीच्या प्रयोगात हाच आकडा धरायचा, टक्के नाही. थंड खोलीत पाण्यात वाफ जास्त विरघळते; ३७ अंशाचे टक्के २२ अंशाला तसेच वापरले तर पेशीला बरीच जास्त मात्रा बसते आणि नसलेले परिणाम दिसू लागतात. जुन्या निबंधांतला बराच गोंधळ इथून आला आहे. आयसोफ्लुरेनने संपृक्त केलेलं सलाईन सुमारे १५ मिलिमोलरचं. ते पन्नासपट पातळ केलं की काम भागतं. पण बाटलीत वर हवा सोडू नका, काचेची सिरिंज आणि टेफ्लॉनची नळी वापरा. नेहमीच्या प्लास्टिकच्या नळ्या वाफ पिऊन टाकतात आणि पेशीपर्यंत किती पोचलं ते कळत नाही. द्रावण पेशीजवळून घेऊन गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजावंच. डेस्फ्लुरेनशी इथे जपून वागा: ते २३ अंशांच्या जवळपास उकळतं, आणि मे महिन्यात वातानुकूलनाशिवाय गोव्यातली कुठलीही खोली त्याहून गरम असते. त्याचा व्हेपोरायझर म्हणूनच वेगळा, ३९ अंशांवर तापवलेला असतो, आणि वीज गेली की तो वाफ देणं बंद करतो.

एक वाहिनी राहिली, आणि ती चेतापेशीतली नाही. स्नायूच्या आत कॅल्शियमचा साठा सोडणारी रायनोडीन वाहिनी. बहुतेकांत वाफेचा तिच्यावर लक्षात येण्याजोगा परिणाम होत नाही. पण तिच्या जनुकात काही विशिष्ट बदल असलेल्या माणसांत सेव्हो, आयसो, डेस, हॅलोथेन यांतलं काहीही, किंवा स्नायू शिथिल करणारं सक्सिनिलकोलीन, ती वाहिनी उघडून ठेवतं. स्नायू आखडतात, जळत राहतात. याला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. पहिली खूण बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड श्वास वाढवूनही चढत जाणं; जबडा आवळतो, नाडी धावते. अंग तापणं नावातच असलं तरी ते बहुधा उशिरा दिसतं, त्याची वाट बघत थांबू नका. दोष आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, म्हणून घरात कुणी काका, मावशी, आजोबा ऑपरेशनच्या टेबलावर अचानक ताप चढून दगावल्याची गोष्ट असेल तर ती 'जुनी गोष्ट' म्हणून सोडू नका, भूलतज्ज्ञांना सांगा. वाफेशिवाय शिरेतल्या औषधांवर भूल देता येते.

घडलंच तर वाफ बंद, मिनिटाला १० लिटरहून जास्त शंभर टक्के ऑक्सिजन, आणि यावरचं औषध डँट्रोलीन किलोमागे २.५ मिग्रॅ, लागेल तसं पुन्हा. जुन्या प्रकारच्या कुपीत २० मिग्रॅ असतं आणि प्रत्येक कुपीला ६० मिली निर्जंतुक पाणी लागतं. सलाईन किंवा ग्लुकोज चालत नाही. साठ किलोच्या माणसाला पहिल्याच डोसला आठ कुप्या आणि जवळजवळ अर्धा लिटर पाणी. पावडर सहज विरघळत नाही, हलवत राहावं लागतं, म्हणून दोन-तीन माणसं फक्त या कामाला लावायची, आणि ती कोण हे आधीच ठरवून ठेवायचं.